न बोलणारं मूल लंगडतंय: कॅज्युअल्टीत काय बघतात आणि का

लंगडणारं मूल कॅज्युअल्टीत आलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठे दुखतंय, बाळा?" पाच वर्षांचं मूल बोट दाखवतं, किंवा "घसरगुंडीवरून पडलो" म्हणतं, आणि बरंचसं काम तिथेच होऊन जातं. स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेल्या) आणि न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा रस्ता बंद असतो. हात लावला की ते किंचाळतं, पण दुखतंय म्हणून की अनोळखी हात लागला म्हणून, ते कळत नाही. त्यात रात्रीचे अकरा वाजलेले, ट्यूबलाइटचा भगभगीत उजेड, शेजारच्या खाटेवरच्या मॉनिटरची टिणटिण, स्ट्रेचरची खडखड.

अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ऑटिझम आहे ना, त्याचं असंच असतं." कधी शिकाऊ रेसिडेंट डॉक्टर म्हणतो, कधी आजी, कधी दिवसभर दमलेले बाबा स्वतःच. हा सगळा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ऑटिझममुळे मूल चवड्यांवर चालेल, हात फडफडवेल, गोल गोल फिरेल. पण काल नीट चालणारं मूल आज एक पाय टेकवत नसेल, तर त्याचं कारण ऑटिझम नाही. ते पायात, खुब्यात, पाठीत, पोटात नाहीतर रक्तात आहे, आणि ते शोधावं लागतं.

काल कसा होता?

या तपासणीतली सगळ्यात मोलाची माहिती आई-बाबांकडे, किंवा दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींकडे असते. कुठे दुखतंय हे त्यांनाही ठाऊक नसतं. काल काय करत होता जे आज करत नाही, हे मात्र त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही. रोज सोफ्याच्या पाठीवर चढतो, आज चढला नाही. डाव्या पायातला मोजा काढू देत नाही. पलंगावरून उडी मारायचा, आज पोटावर सरकत उतरला. डायपर बदलताना पाय फाकवले की ओरडतो. बसवलं की रडतो, आडवं केलं की शांत होतो.

यातली शेवटची गोष्ट ऐकली तर मी पाय सोडून आधी पाठीचा कणा तपासेन. मणक्यांमधल्या चकतीला संसर्ग झाला की लहान मूल नेमकं असंच करतं, बसायला आणि चालायला दोन्हीला नकार देतं. डायपरची गोष्ट ऐकली तर आधी खुबा.

चवड्यांवर चालण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे गोंधळ होतो. बरीच स्वमग्न मुलं टाच न टेकवता चालतात. पण ती सवय बहुधा दोन्ही पायांची आणि जुनी असते. एकाच पायाची टाच उचललेली आणि तीही परवापासून, हे वेगळं प्रकरण. टाचेत काच घुसली असेल, घोटा सुजला असेल, किंवा खुबा दुखतोय म्हणून त्या पायावर भार टाकणं टाळत असेल. डॉक्टरांनी मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. त्यांना फरक कळावा म्हणून सगळ्यात उपयोगी पडतो तो आईचा मोबाइल. गेल्या महिन्यात चौपाटीवर पळतानाचा व्हिडिओ आणि आज घरात चालतानाचा व्हिडिओ शेजारी शेजारी दाखवा. कॅज्युअल्टीत मूल चालेलच याची खात्री नसते, त्यामुळे घरून निघण्याआधी अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवलेलं बरं.

स्वमग्न मुलांना दुखणं जाणवत नाही, असा एक समज अजून फिरतो. तो चुकीचा आहे. जाणवतं, दाखवायची रीत वेगळी असते. एखादं मूल रडण्याऐवजी एकदम गप्प होतं. एखादं हसत सुटतं. कुणी मनगट चावतं, कुणी डोकं आपटतं, कुणी झोपत नाही. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून "किती दुखतंय" विचारायची पद्धत इथे चालत नाही. त्याऐवजी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना 0 ते 2 गुण देऊन दहापैकी बेरीज करतात. या मोजपट्टीला फ्लॅक म्हणतात. अपंग मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती आहे. तीत पालकांनी सांगितलेल्या त्या-त्या मुलाच्या खास खुणाही धरता येतात. म्हणजे "दुखलं की हा पंख्याकडे बघत राहतो" असं आई म्हणाली, तर तेही केस पेपरवर जायला हवं. पुष्कळदा जात नाही.

हात लावण्याआधी

तपासणी दारापासून सुरू होते. मूल आईच्या कडेवर कसं आहे, दोन्ही पाय सारखे लोंबतायत का, की एक दुमडून धरलाय? खुब्याच्या सांध्यात पू झालेलं मूल खुबा अर्धवट दुमडून, गुडघा बाहेर टाकून पाय ठेवतं, कारण त्या अवस्थेत सांध्यातला दाब सगळ्यात कमी असतो. मग आईने चार पावलं लांब जाऊन त्याचं आवडतं काहीतरी हातात धरायचं आणि बघायचं. चालत येतं, रांगत येतं, की येतच नाही? जे मूल चालत नाही पण खुशाल रांगतं, त्याचं दुखणं बहुधा गुडघ्याच्या खाली आहे: नडगी, घोटा, पाऊल.

शक्य असेल तर कोपऱ्यातली खाट मागून घ्यावी आणि हेडफोन, आवडती गाडी, चादर जे काही लागतं ते सोबत न्यावं. एकाच डॉक्टरने तपासावं. चार जणांनी घेरलं तर पुढचा तासभर काहीही हाती लागत नाही. काही मुलं चित्रांचं कार्ड किंवा मोबाइलवरचं ॲप वापरून बोलतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेलं जेलो हे त्यातलं एक, मोफत मिळणारं. ते ॲप म्हणजे त्या मुलाची जीभ आहे. दवाखान्यात जाताना घरी राहून उपयोग नाही.

तपासायचं आईच्या मांडीवर. आधी बाबांचा पाय दाबून दाखवायचा, मग मुलाचा चांगला पाय, आणि ज्यावर संशय आहे तो सगळ्यात शेवटी. कपडे आईने काढायचे, पण काढायचेच. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा बघायच्या. नखुरडं, चप्पल चावलेली जखम, रुतलेला काटा, बोटाला करकचून गुंडाळलेला केस किंवा दोरा यातलं काहीतरी सापडलं तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. जांघेत अवधाण आलंय का, तेही बघायचं.

खुब्यासाठी एक साधी युक्ती आहे. मूल उताणं असताना मांडी हलकेच आत-बाहेर फिरवायची. सांध्यात पाणी किंवा पू असेल तर आतल्या बाजूला फिरवणं सगळ्यात आधी अडतं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही तरी अख्खी कंबर पायासोबत उचलली जाते. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी पाठवण्याआधी खुबा तपासलाच पाहिजे, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

शिवाय पोट, आणि मुलगा असेल तर अंडकोश. अपेंडिक्स सुजलं की मूल वाकून लंगडत चालतं. अंडकोशाला पीळ पडला तरी ते पाय फाकवून चालतं, आणि तिथे साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. बोलणारा मुलगाही लाजेने ही जागा सांगत नाही.

मार लागला असेल का, हा प्रश्न डॉक्टर विचारतील तेव्हा कृपया रागावू नका. अपंग मुलांवर अत्याचाराचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, आणि न बोलणाऱ्या मुलाला तक्रारही करता येत नाही. शाळेची बस, शिकवणी, घर, सगळ्यांबद्दल विचारणं हे कामच आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक असतं.

सांध्यातला पू

लंगडण्याची कारणं ढीगभर आहेत, आणि बरीचशी सकाळपर्यंत थांबू शकतात. सांध्यातला पू मात्र थांबू शकत नाही. जंतू आणि पू मिळून कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) खायला लागतात ते काही तासांत, आणि खुब्यात दाब वाढला की मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उशीर झाला तर मूल जन्मभर लंगडतं.

अडचण अशी की याच वयात, साधारण तीन ते आठ-दहा वर्षांत, सर्दी-तापानंतर खुब्याला तात्पुरती सूज येणं फार सर्रास दिसतं. ते एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. ते वेगळे ओळखायला बोस्टनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये चार निकष मांडले, त्यांना कोकर यांचं नाव आहे: 38.5 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, त्या पायावर अजिबात भार न देणं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) 40 किंवा जास्त, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर. त्यांच्या अभ्यासात एकही निकष नसताना पू असण्याची शक्यता 0.2 टक्क्यांहून कमी होती, एक असताना 3, दोन असताना 40, तीन असताना 93 आणि चारही असताना 99 टक्क्यांहून जास्त. इतर रुग्णालयांत पडताळणी केली तेव्हा वरचे आकडे इतके मोठे आले नाहीत, पण निकष वाढले की शक्यता वाढते, ही पायरी तीच राहिली. पुढे सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताचीच आणखी एक तपासणी) 20 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असणं हा पाचवा मुद्दा त्यात आला.

आता हे निकष आपल्या मुलाला लावून बघा. "पायावर भार देत नाही" कसं ठरवायचं? फरशी थंड आहे, चपला काढल्यात, हातावर सलाइनची पट्टी आहे. एवढ्यावरही काही स्वमग्न मुलं जमिनीवर पाय ठेवत नाहीत. दुसरीकडे, दुखत असूनही ठरलेल्या फेऱ्या मारल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असं मूल पू असलेल्या पायावर चालेलही. तापाचं तसंच: घरून निघताना पॅरासिटामॉल दिलं असेल तर कॅज्युअल्टीतलं थर्मामीटर ताप दाखवणार नाही. (औषध दिलंत याबद्दल कुणी बोल लावणार नाही. किती वाजता दिलं, तेवढं सांगा.) चारातले दोन निकष असे डळमळीत झाले की उरलेल्या रक्ताच्या तपासण्या आणि खुब्याची सोनोग्राफी यांचं वजन वाढतं. म्हणून बोलणाऱ्या मुलात "उद्या परत बघू" म्हणणारा डॉक्टर इथे लवकर रक्त घेत असेल, तर तो उगाच घाई करत नाहीये. सोनोग्राफीत पाणी दिसलं आणि संशय बळकट असला की सुई घालून ते काढतात, तपासायला पाठवतात, आणि पू निघाला तर सांधा त्याच रात्री धुतात.

हे सगळं एका छताखाली व्हायचं तर बालरोग, अस्थिरोग, भूल आणि सोनोग्राफी रात्रीही हाताशी असलेली जागा हवी. मुंबईत ती बहुतेक वेळा परळचं वाडिया बालरुग्णालय किंवा केईएम, सायन, नायरसारखं मोठं रुग्णालय. कोपऱ्यावरच्या हाडवैद्याकडून मालिश करून मग तिथे जाणं हा उलटा क्रम आहे.

त्याच रक्तातून आणखी एक गोष्ट बघायची. लहान मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा असतो आणि त्याची पहिली खूण कधी कधी नुसतं लंगडणं असते. यंत्राने मोजलेले आकडे ठीक वाटले तरी काचपट्टीवरचं रक्त डोळ्यांनी बघितलेलं हवं. आणि निदान होईपर्यंत "सूज उतरायला" म्हणून स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने कर्करोग अर्धवट दबतो आणि निदान अवघड होऊन बसतं.

जेवतो छान, पण काय जेवतो?

आता ज्या आजाराबद्दल पालकांना सहसा कुणी सांगत नाही तो: स्कर्वी. खलाशांचा, इतिहासाच्या पुस्तकातला. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेल्या काही दशकांत लंगडणाऱ्या स्वमग्न मुलांमध्ये तो पुन्हा पुन्हा नोंदला गेलाय.

कारण ताटात आहे. अनेक स्वमग्न मुलांचं खाणं पाच-सहा पदार्थांवर येऊन थांबलेलं असतं: पांढरा भात, दूध, एका विशिष्ट कंपनीचं बिस्किट, वेफर्स, चपाती. रंग, वास किंवा लिबलिबीतपणा सहन होत नाही म्हणून फळं आणि भाज्या बाद. वजन मात्र छान असतं, गालही वर आलेले असतात. "जेवतो का?" या प्रश्नावर आई "हो, जेवतो ना" म्हणते आणि विषय संपतो. विचारायला हवं ते असं: शेवटचं फळ कधी खाल्लं? लिंबू, टोमॅटो, पेरू, मोसंबी यातलं काही तोंडात जातं का?

माणसाच्या शरीराला क जीवनसत्त्व बनवता येत नाही. ते नसेल तर कोलॅजन, म्हणजे शरीराला बांधून धरणारं प्रथिन, नीट विणलं जात नाही. कोलॅजन कच्चं राहिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंती गळतात. मुलांमध्ये हा रक्तस्राव हाडावरच्या आवरणाखाली होतो आणि तो विलक्षण दुखतो. क जीवनसत्त्व पूर्ण बंद झालं तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसायला लागतात. आधी चिडचिड, मग लंगडणं, मग चालणं बंद. पाय बेडकासारखे फाकवून पडून राहणं. हिरड्या सुजून जांभळ्या, ब्रश लावू न देणं. पायांवरच्या केसांच्या मुळाशी लाल-जांभळे ठिपके. यातली प्रत्येक गोष्ट "वागणुकीचा प्रश्न" म्हणून खपते, आणि अशी मुलं मानसोपचार, अस्थिरोग, मेंदूविकार अशा ओपीडींतून फिरत राहतात. एमआरआयमध्ये अस्थिमज्जेचे बदल रक्ताच्या कर्करोगासारखे किंवा हाडाच्या संसर्गासारखे दिसू शकतात, त्यामुळे मज्जा काढून तपासण्यापर्यंत पाळी येते.

निदानासाठी आधी लागतो तो आहाराचा नीट इतिहास, तोंडात टॉर्च आणि गुडघ्यांचा एक्स-रे. उपचार स्वस्त आहे: क जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा थेंब, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, महिनाभर किंवा जास्त. दुखणं एक-दोन दिवसांतच उतरायला लागतं. महिनाभर पाय न टेकवलेलं मूल काही आठवड्यांत चालू लागतं. थेंब ते ज्या पेयाला हो म्हणतं त्यात टाकता येतात, पण उकळत्या दुधात नको, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. खरा कस पुढे लागतो: थेंब बंद केल्यावर त्या ताटात काय येणार? तिथे आहारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट दोघांची गरज पडते.

आहारासोबत औषधांची यादीही हवी. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं, आणि फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेतली की हाडं ठिसूळ होतात; मग पलंगावरून घसरल्याचं निमित्तही हाड मोडायला पुरतं. चिडचिडीसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन नुकतंच सुरू केलं किंवा वाढवलं असेल तर स्नायू आखडून पाय वाकडा पडू शकतो. त्याच औषधाने वजन वाढतं. दहा ते सोळा वर्षांचा जाडजूड मुलगा गुडघा धरून लंगडत असेल तर मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या चकतीवरून घसरलंय का, ते बघायलाच हवं. त्यासाठी कमरेचा एक्स-रे समोरून आणि बेडूकपाय स्थितीत, दोन्ही बाजूंचा. तो निघेपर्यंत त्याला एक पाऊलही चालवू नये.

मुंबईचा पावसाळा यात आपली भर घालतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आणि पोटऱ्या प्रचंड दुखणं म्हणजे लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा) विचार करायचा. सांधे धरले तर चिकनगुनियाचा. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत तापात आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच. आठवड्यांमागून आठवडे रेंगाळणारं लंगडणं, घरात कुणाला तरी टीबी, अशा वेळी हाडाचा टीबी. आणि पाय दुखत नसून लुळा पडत असेल तर ती वेगळीच घाई असते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला की पोलिओवरच्या पाळतीसाठी कळवावं लागतं आणि चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात. भारत 2014 पासून पोलिओमुक्त आहे, तरी ही पाळत चालू आहे. त्यामुळे घरी आरोग्य कर्मचारी आले म्हणून घाबरायचं कारण नाही.

धरून ठेवायचं की गुंगी द्यायची?

माझं मत स्पष्ट आहे: चौघांनी दाबून धरून रक्त काढणं हा शेवटचा पर्याय. दुखणं कमी करणारं औषध सगळ्यात आधी द्यावं. त्याने निदान झाकलं जातं हा जुना गैरसमज आहे. उलट दुखणं उतरल्यावर कुठल्या जागी हात लावू देत नाही ते जास्त नेमकं कळतं. सुई टोचण्याच्या जागी बधिर करणारं मलम लावलं तर त्याला सुमारे तासभर लागतो, म्हणून ते आल्याआल्या लावून मग वाट बघावी. नाकात फवारून देता येतात अशी मिडाझोलामसारखी गुंगीची औषधंही असतात.

गुंगी द्यायचीच असेल तर एकाच गुंगीत रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी आणि लागलीच तर सुई, सगळं बसवावं. पोट रिकामं हवं: घन पदार्थ आणि दूध सहा तास, साधं पाणी दोन तास. टॅक्सीत मूल शांत राहावं म्हणून बिस्किटाचा पुडा दिला जातो तेव्हा हेच गणित बिघडतं. दिला असेल तर वेळ सांगा, लपवू नका. भुलेत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे.

सगळं तपासून काही सापडलं नाही आणि घरी सोडलं, असंही पुष्कळदा होतं. लहान मुलांच्या नडगीला पिळवटून पडलेला बारीक तडा पहिल्या एक्स-रेत दिसतच नाही. सात ते दहा दिवसांनी हाड भरू लागतं तेव्हा उमटतो. म्हणून तेव्हाची तारीख आत्ताच मागून घ्या. आणि डिस्चार्ज पेपरवर "दुखलं तर परत या" लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना ते बदलून मागा, कारण हे मूल दुखलं तरी सांगणार नाही. त्याजागी असं लिहून घ्या: ताप आला, रात्री झोपेना, दोन दिवसांत सोफ्यावर चढू लागला नाही, किंवा पाय हलवायचाच बंद केला, तर त्याच दिवशी परत या. सोफा कुठला आणि तो किती उंच, हे डॉक्टरांना आईच सांगणार.